पुण्याच्या इतिहासातल्या आडवाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारवाडा, नारायणरावांचा खून, टिळकांवरचे खटले हे सगळं शाळेत होऊन जातं, म्हणून ते इथे घेतलेलं नाही. पेठांमधून हिंडताना पाटी वाचून किंवा रिक्षावाल्याच्या तोंडून एखादं नाव ऐकून जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. पुण्यात वस्तू जाते आणि नाव मागे राहतं. त्यामुळे बरेचसे प्रश्न नावापासूनच सुरू होतात.

शनिवारवाड्यासमोरच्या मारुतीला 'बटाट्या मारुती' का म्हणतात?

आज त्या पटांगणात बटाटा औषधालाही मिळणार नाही. पण १८८६ पर्यंत पुण्याचा भाजीबाजार तिथेच, वाड्याच्या तटासमोर उघड्यावर भरत होता. बटाटेवाल्यांच्या गराड्यात बसलेला मारुती बटाट्या झाला. पुढे बाजार उठला, मारुती तिथेच राहिला आणि नावही.

बाजार गेला तो शुक्रवार पेठेतल्या नव्या दगडी इमारतीत. ती ऑक्टोबर १८८६ मध्ये उघडली आणि तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने 'रे मार्केट' झाली. मधोमध अष्टकोनी भाग, त्यावर उंच निमुळता मनोरा आणि चहूबाजूंना पसरलेल्या पाख्या अशी तिची रचना आहे. पाख्या लांबट आणि दोन्ही अंगांनी मोकळ्या असल्यामुळे आतल्या ओट्यांवर उजेड आणि वारा दोन्ही पोचतात. भाजी टिकण्यासाठी बर्फापेक्षा हे आधी लागतं.

ही इमारत बांधायचं घाटत होतं तेव्हा जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते (१८७६ ते १८८२). एवढा पैसा बाजाराच्या इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, असं म्हणून त्यांनी तिला विरोध केला. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला फुल्यांचं नाव दिलं गेलं. आज मंडईत भाजी घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटतं की मंडई फुल्यांनीच बांधवली. ज्या इमारतीच्या ते विरोधात होते, तिच्याच कपाळावर त्यांचं नाव आहे.

पुण्यातल्या बाकीच्या देवांची नावं अशी विचित्र का?

कारण पुणेकरांना पत्ता सांगायचा होता. नुसतं 'मारुतीचं देऊळ' म्हटलं तर गल्लोगल्ली सापडेल. मग शेजारी काय विकतात त्यावरून नाव पडलं. पासोड्यांच्या म्हणजे जाड पांघरुणांच्या बाजारातला तो पासोड्या विठोबा, आणि जिलबीची माळ घातली जायची म्हणून जिलब्या मारुती. सोन्या मारुती, डुल्या मारुती, उपाशी विठोबा, दाढीवाला दत्त ही त्याच भावकीतली.

खुन्या मुरलीधराचं नाव मात्र बाजारावरून पडलेलं नाही. सदाशिव पेठेतलं हे देऊळ दादा गद्रे या सावकाराने १७९७ मध्ये बांधवलं. मूर्तीच्या प्रतिष्ठेच्या सुमारास देवळाशी सशस्त्र मारामारी होऊन रक्त सांडलं. खून माणसांनी केले, पण खुनी ठरला तो मुरलीधर.

'फडके हौद', 'बदामी हौद', 'काळा हौद', 'साततोटी' असे पत्ते सांगतात. तिथे हौद का दिसत नाहीत?

काही बुजवले गेले, काही रस्तारुंदीत गेले, काही अजून वाड्यांच्या आत आहेत पण रस्त्यावरून दिसत नाहीत. हे हौद म्हणजे अठराव्या शतकातल्या पुण्याचे सार्वजनिक नळ होते, आणि त्यांच्या मागे एक पूर्ण यंत्रणा होती. ती समजली की ही नावं नकाशासारखी वाचता येतात.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजला ओढा अडवून तलाव बांधले गेले. वरचा तलाव लहान, खालचा मोठा. वरच्यात गाळ बसायचा आणि निवळ पाणी खाली उतरायचं. खालच्या तलावातून दगड-चुन्याचा बंदिस्त नळ जमिनीखालून शहरापर्यंत, थेट शनिवारवाड्यापर्यंत नेला होता. नळ म्हटलं की आज हाताच्या मनगटाएवढी नळी डोळ्यांसमोर येते, पण हा बोगद्यासारखा बांधीव पाट आहे. पंप नाही, चाक नाही, बैल नाही. कात्रज उंचावर आणि पेठा सखल भागात, एवढ्या उतारावर सगळं काम चालायचं. मुख्य नळातून खापरी नळांच्या शाखा फुटून हौदांत आणि सरदारांच्या वाड्यांत जात.

वाटेवर ठरावीक अंतराने 'उच्छ्वास' आहेत. जमिनीवर दगडी खांबासारखा किंवा छोट्या चौथऱ्यासारखा दिसणारा हा भाग खाली थेट नळात उघडतो. त्याची कामं दोन. बंद नळात हवा कोंडली की पाण्याची वाट अडते, ती हवा इथून बाहेर पडते. दुसरं, गाळ काढायला माणूस आत उतरतो तो इथूनच. उच्छ्वास बुजवला की लगेच काही होत नाही. काही वर्षांनी वरच्या अंगाला गाळ साचतो, पाणी चुन्याच्या सांध्यातून बाहेर झिरपायला लागतं आणि खालचा हौद कोरडा पडतो. शेजारच्या इमारतीच्या तळघरात 'झरा लागला' म्हणून लोक आनंदतात, तो बऱ्याचदा झरा नसतो. उलटही होतं. मैलावाहिनी शेजारून गेली असेल तर तिचं पाणी नळात शिरतं. म्हणून आज एखाद्या जुन्या हौदाला पाणी दिसलं तरी ते पिऊ नये, अगदी नितळ असलं तरी.

कात्रजचा नळ एकटा नव्हता. नाना फडणवीसांनी आंबेगावाहून सदाशिव पेठेच्या हौदासाठी वेगळा नळ आणला, आणि रास्त्यांनी कोंढव्याहून आपल्या पेठेसाठी. त्यामुळे 'पेशवेकालीन नळ सापडला' अशी बातमी आली की पहिला प्रश्न 'कोणता?' हा विचारायचा.

बाहुलीच्या हौदाची गोष्ट खरी आहे का?

हौद खरा, तो फरासखान्यापाशी होता. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहानपणीच वारलेल्या मुलीच्या, काशीबाईच्या, आठवणीसाठी तो बांधवला आणि सगळ्या जातींना खुला ठेवला. घोले फुल्यांच्या वर्तुळातले होते, आणि फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. मुलीला शिकवतात म्हणून कुणीतरी लाडवातून काच खायला घातली, अशी कथा सांगतात. ती कथा म्हणूनच सांगावी. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या ऐन मध्यवस्तीत सगळ्यांना खुलं पाणी असणं, एवढी गोष्टच पुरेशी मोठी आहे.

सारसबागेतल्या गणपतीला 'तळ्यातला गणपती' म्हणतात. तळं कुठे गेलं?

तुम्ही भेळ खाता तिथे. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेबांनी आंबील ओढ्याचं पाणी घेऊन मोठं तळं करवलं आणि मधोमध एक बेट ठेवलं. बेटावरची बाग ती सारसबाग. तिथे सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, गणपती बसवला. पुढे तळ्याचं पाणी काढून टाकलं आणि ते बुजवलं गेलं. आज देवळाकडे जाताना आजूबाजूची हिरवळ खोलात वाटते, कारण तुम्ही जुन्या बेटाच्या दिशेने चढत असता. देवळाभोवतीचं कमळांचं पाणी ही त्या तळ्याची एवढीशी खूण.

लकडी पुलात लाकूड कुठे आहे?

नाही. पहिला पूल लाकडी होता. पानिपतानंतर घाईने बांधला गेला, अशी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच जागी दगडी पूल आला. सरकारी नाव संभाजी पूल आहे, ते पत्रावर लिहायला ठीक.

बुधवार वाडा कुणी जाळला? वासुदेव बळवंतांनी?

नाही, पण तेव्हा अनेकांना तसंच वाटलं. मे १८७९ मध्ये एकाच रात्री बुधवार वाडा आणि विश्रामबागवाडा, दोन्ही पेटले. दोन्हींत सरकारी कचेऱ्या होत्या. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून चालू होतं आणि फडके अजून सापडले नव्हते. ते जुलैमध्ये पकडले गेले. ते स्वतः पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. दोन पेशवेकालीन वाडे एका रात्रीत पेटल्यावर संशय त्यांच्याकडे वळला यात नवल नाही. तपासात मात्र सरकारी पुस्तक डेपोतला एक नोकर सापडला आणि शिक्षा त्याला झाली.

बुधवार वाडा पुन्हा उभा राहिला नाही. आज बुधवार चौकात त्याचा दगडही दाखवता येत नाही. विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग मात्र दुरुस्त झाला. म्हणून दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा बाजीराव रस्त्यावर अजून बघता येतो. दर्शनी सज्जाखालचे सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब जवळून पाहा. पेशवाईतलं सुतारकाम एवढ्या हाताच्या अंतरावर पुण्यात फार कमी ठिकाणी उरलंय.

चहा प्यायल्याबद्दल टिळकांना खरंच प्रायश्चित्त घ्यावं लागलं का?

हो, आणि प्रकरण चहापेक्षा जास्त उकळलं. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये १८९० च्या ऑक्टोबरात एक व्याख्यान झालं. मंडळी बोलावण्यात पुढाकार होता गोपाळराव जोशी यांचा, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती. लोकांना पेचात टाकायची त्यांना भारी हौस. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटं आली. रानडे, टिळक, गोखले यांच्यासकट शहरातली बडी मंडळी हजर होती. कुणी प्यायलं, कुणी कप नुसता ओठाला लावला, कुणी हातात धरून ठेवला. मग गोपाळरावांनी हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव' या सनातनी पत्राकडे दिली.

आजच्या वाचकाला अडतं ते इथे: चहात एवढं काय? मुद्दा चहाचा नव्हता, कुणाच्या हातचं आणि कुठे बसून घेतलं याचा होता. ख्रिस्ती मिशनच्या आवारात ख्रिस्त्यांच्या हातचं पेय घेणं म्हणजे जात बाटणं. शहरात ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचा वाद, उभं राहिलं आणि तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली. त्यांच्या वतीने १८९२ मध्ये पुण्यात चौकशी झाली. ग्रामण्यात सापडलेल्याच्या घरी भटजी येत नाहीत, त्यामुळे मुंज, लग्न, श्राद्ध सगळं अडतं. प्रायश्चित्तामागची खरी सक्ती ही होती. आपण काशीला गेलो असता प्रायश्चित्त घेतलं आहे, असं टिळकांनी सांगितलं. रानड्यांनी बरोबरच्या लोकांची अडचण सुटावी म्हणून प्रायश्चित्त घेतलं. रमाबाईंना ते रुचलं नाही.

एक चूक टाळा. पंचहौद हे नाव मिशनमुळे पडलेलं नाही. हौद आधीचे, मिशनने ते घेतलं.

दयानंद सरस्वतींच्या मिरवणुकीला उत्तर म्हणून गाढवाची मिरवणूक काढली होती, हे खरं?

हो, १८७५ च्या सप्टेंबरात. रानड्यांच्या आमंत्रणावरून दयानंद त्या जुलैपासून पुण्यात व्याख्यानं देत होते. निरोपाला त्यांची हत्तीवरून मिरवणूक निघाली. विरोधकांनी एक गाढव सजवलं, त्याला 'गर्दभानंदाचार्य' अशी पदवी दिली आणि समांतर मिरवणूक काढली. पुढे चिखलफेक झाली, अक्षरशः. पावसाळ्यातल्या पुण्यात दारूगोळ्याची वाण नव्हती. मिरवणुकीला संरक्षण द्यायला जोतीराव फुले आपली माणसं घेऊन आले होते. फुले आणि दयानंद यांची मतं फार जुळणारी नव्हती, त्यामुळे हे येणं विशेष.

पुण्याहून मुंबईला रेल्वेने जाताना घाटात उतरावं लागायचं का?

सुमारे पाच वर्षं, हो. पुणे ते खंडाळा रेल्वे १४ जून १८५८ रोजी सुरू झाली. खाली मुंबईकडून रूळ खोपोलीपर्यंत १८५६ मध्येच येऊन पोचले होते. मधला बोरघाट बाकी होता. त्यामुळे प्रवास असा व्हायचा: पुण्यात गाडीत बसा, खंडाळ्याला सामानासकट उतरा, पालखीने, तट्टावरून, बैलगाडीने किंवा पायी घाट उतरा, खोपोलीला पुन्हा गाडीत बसा. बोरघाटाचा मार्ग एप्रिल १८६३ मध्ये उघडला. चढ ३७ फुटांना १ फूट एवढा तीव्र होता, आणि डोंगराच्या सोंडेवर वळायला जागा नव्हती. म्हणून गाडी एका स्थानकात नेऊन तिचं इंजिन दुसऱ्या टोकाला लावत आणि ती उलट दिशेने पुढे चढवत. ब्रेक न लागलेल्या गाडीसाठी वर चढत जाणारे वेगळे रूळ ठेवलेले असत, की तिचा वेग चढावरच जिरावा.

ससूनमध्ये गांधीजींवर कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया झाली होती?

शेवटचा भाग कंदिलाच्या उजेडात झाला. गांधीजी १९२२ पासून येरवड्यात सहा वर्षांची शिक्षा भोगत होते. जानेवारी १९२४ मध्ये आंत्रपुच्छाचा त्रास विकोपाला गेला. १२ तारखेला त्यांना ससूनला हलवलं आणि त्याच रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मुंबईहून ओळखीच्या डॉक्टरांना बोलावलं होतं, पण थांबण्याइतका वेळ नव्हता. सरकारची पंचाईत उघड होती. इंग्रज सर्जनच्या हाताखाली गांधी दगावले असते तर देश पेटला असता. म्हणून आधी श्रीनिवास शास्त्र्यांना बोलावून घेतलं. उपचाराबद्दल आपली तक्रार नाही आणि शस्त्रक्रियेला संमती आहे, असं निवेदन त्यांच्या हातून लिहून झालं. गांधीजींनी गुडघे उभे करून, थरथरत्या हाताने पेन्सिलीने सही केली.

शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली. परिचारिकेच्या हातातली विजेरी होती, तीही विझली. उरलेलं काम कंदिलावर पुरं झालं. ५ फेब्रुवारीला त्यांची बिनशर्त सुटका झाली. ससूनमधली ती खोली स्मारक म्हणून जपलेली आहे. चालत्या रुग्णालयाच्या आवारात असल्यामुळे आधी परवानगी विचारून जावं.

दुसरी घटना याहून कमी माहीत आहे. २५ जून १९३४ रोजी, हरिजन यात्रेच्या काळात, नगरपालिकेच्या मानपत्रासाठी गांधीजी येत असताना पुण्यात त्यांच्या ताफ्यावर बॉम्ब पडला. तो पुढच्या मोटारीवर पडला, गांधीजी मागच्या मोटारीत होते. पुढच्या मोटारीतले आणि आसपासचे लोक जखमी झाले. मानपत्राचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला.

४४३ धावा काढून नाबाद असताना सामना का थांबला?

प्रतिस्पर्ध्यांनी खेळायला नकार दिला म्हणून. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, महाराष्ट्र ४ बाद ८२६. दुसऱ्या गड्यासाठी निंबाळकर आणि भांडारकर यांनी ४५५ धावांची भागी केली होती. तेव्हाचा जागतिक विक्रम ब्रॅडमनचा, ४५२. म्हणजे गाठायला ९ आणि मोडायला १० धावा. मधल्या सुट्टीत काठियावाडचा कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले की डाव घोषित करा, नाही तर आम्ही निघालो. दोन षटकं द्या, असं सांगून झालं. ते ऐकेनात. बिछाने बांधून मंडळी गेली आणि सामना महाराष्ट्राला बहाल झाला. निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना एकही मिळाला नाही. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च खेळी अजूनही हीच.

बॅडमिंटनचा शोध पुण्यात लागला?

शोध नाही. फूल उडवायचा खेळ फार जुना आहे. पण मध्ये जाळी बांधून खेळणं लष्करातल्या इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये इथे रुजलं, १८७० च्या दशकात इथे नियम लिहिले गेले आणि खेळाला काही काळ 'पूना' हेच नाव होतं.

पानशेतचा पूर म्हणजे नेमकं कोणतं धरण फुटलं?

पानशेत आणि खडकवासला, दोन्ही. ही सगळ्यात जास्त गोंधळाची गोष्ट आहे, म्हणून क्रमाने.

पानशेत हे आंबी नदीवरचं मातीचं धरण. त्याच्या खालच्या अंगाला, मुठेवर, खडकवासला, ते १८७९ च्या सुमाराचं दगडी धरण. १९६१ च्या पावसाळ्यात पानशेतचं काम पूर्ण झालं नव्हतं, तरी पाणी भरत गेलं. धरणाच्या पोटातून पाणी सोडण्याचा मार्ग आणि त्याच्या झडपा अर्धवट होत्या. अपुऱ्या मार्गातून पाणी जोराने धडका देत राहिलं आणि त्यावरचा मातीचा भराव खचत चालला. ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी भरावावर मातीची पोती रचून माथा उंच ठेवायचा प्रयत्न केला. दगडी धरणावरून पाणी वाहून गेलं तरी ते काही वेळ तग धरतं. मातीच्या धरणावरून एकदा पाणी वाहू लागलं की ते स्वतःच आपली वाट खोल करत जातं. १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटलं. तो सगळा लोंढा खडकवासल्यात आला, ते काही तास टिकलं आणि दुपारच्या सुमारास तेही गेलं. पुण्यात भरदिवसा पाणी चढलं. रात्री चढलं असतं तर माणसं किती गेली असती याचा विचार करवत नाही.

लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे विरघळल्यासारखे बसले. आणि खडकवासला हाच शहराचा पाणीसाठा असल्यामुळे पूर ओसरल्यावर शहराला प्यायला पाणी उरलं नाही. तेव्हा उपयोगी पडल्या त्या वाड्यांतल्या विहिरी आणि वर सांगितलेले, तोवर अडगळ समजले जाणारे हौद.

गोखलेनगरातल्या अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट, सहकारनगर, लोकमान्यनगर, एरंडवण्यातल्या 'पूरग्रस्त' सोसायट्या, हा सगळा त्यानंतरचा विस्तार. मुठेच्या काठचं पुणे टेकड्यांकडे सरकलं ते या एका दिवसामुळे.

जुन्या घरांवर दिसणारी पुराची खूण म्हणजेच पूररेषा का?

नाही, आणि घर घेताना ही गल्लत महागात पडते. भिंतीवर '१२ जुलै १९६१' असं लिहिलेली रेघ धरणफुटीची आहे. पाटबंधारे खात्याची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते. १९६१ ची खूण या दोन्हींपेक्षा वेगळ्या कारणाची आहे. खूण पाहताना तारीख वाचा, आणि रस्ता नंतर किती उचलला गेलाय ते बघा. खूण आज गुडघ्याला असेल तर तेव्हा ती कमरेला असू शकते, कारण डांबराचे थर चढत गेलेत.

पेठांना वारांची नावं कधीपासून?

पेशवाईत. त्याआधी शनिवार म्हणजे मुर्तझाबाद, रविवार म्हणजे मलकापूर, सोमवार म्हणजे शहापूर, मंगळवार म्हणजे अस्तापूर, शुक्रवार म्हणजे विसापूर. बुधवार पेठेचं मुहियाबाद हे नाव औरंगजेबाच्या १७०३ च्या मुक्कामातलं, त्याच्या इथे वारलेल्या नातवावरून. कसबा मात्र तेव्हाही कसबाच.

जुन्या कागदावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं काहीतरी लिहिलंय. हे साल कसं काढायचं?

हा सुहूर सन. पेशवेकालीन कागदांत साल आकड्यात नाही, अरबी संख्याशब्दांत येतं. रीत अशी.

आधी शब्दांची बेरीज करा. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. झाले ११६१. मग महिना बघा. सुहूर वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६००. पानिपतची लढाई जानेवारीतली, म्हणून ११६१ आणि ६०० मिळून १७६१.

ताळा शकाने करता येतो. तीच लढाई शके १६८२, पौष शुद्ध अष्टमीची. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८, त्यानंतर फाल्गुनाअखेरपर्यंत ७९ मिळवायचे. १६८२ आणि ७९, पुन्हा १७६१. दोन्हींचा मेळ बसला नाही तर शंभरातले नव्वद वेळा चूक मृगाच्या अलीकडे-पलीकडे झालेली असते.

बाकीच्या ठेचा सांगून ठेवतो. सीत म्हणजे ६ आणि सितैन म्हणजे ६०. सबा ७, सबैन ७०. तिसा ९, तिसैन ९०. मोडीत शेवटचा फराटा पुसट असला की दहापट फरक पडतो. मया १०० आणि मयातैन २००, म्हणून 'मयातैन व अलफ' दिसलं की कागद १७९९ नंतरचा, दुसऱ्या बाजीरावाच्या वेळचा. तारखेआधी 'छ' असेल तर तो चंद्र, पुढे मुसलमानी महिना येतो. महिना मोहरम दिसला म्हणून वर्ष बदललं असं धरू नका. महिने चांद्र चालतात, वर्ष मृगालाच बदलतं.

हे सगळं एका सकाळीत पाहता येईल का?

पेठांमधलं येईल, पायी, तीनेक तासांत. सकाळी साडेसातला शनिवारवाड्याच्या पटांगणात या. बटाट्या मारुती, मग फरासखाना आणि बुधवार चौक, तिथून पासोड्या विठोबा आणि मंडई. मंडई नऊच्या आत बघा, त्यानंतर पाख्यांमधून मान वर करून मनोरा बघायला कुणी जागा देत नाही. पुढे विश्रामबागवाडा, आणि शेवटी खुन्या मुरलीधर. सारसबाग, ससून आणि कात्रज यांना वेगळा दिवस ठेवा. रविवारी गर्दी कमी असते, पण गणपतीच्या दहा दिवसांत हा बेत आखू नका. मांडवांमुळे अर्ध्या गल्ल्या बंद असतात. चारचाकी आणायची नाहीच, दुचाकी आणली तर सम-विषम तारखेची पाटी आधी वाचा.